अंग हळूहळू भरतं: कोल्हापुरात नव्यानं व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात व्यायाम सुरू करायला निमित्त शोधावं लागत नाही. पेठेपेठेत तालीम आहे, तालमीच्या जवळपास जिम आहे, आणि घरातले एखादे आजोबा किंवा काका तरी कधीकाळी लाल मातीत उतरलेले असतात. तरीही जानेवारीत नाहीतर जूनमध्ये आलेली नवी पोरं तिसऱ्या महिन्यात गळतात. याला आळस क्वचितच कारणीभूत असतो. आठवड्यातून एकदा बघायची गोष्ट ती रोज बघतात आणि तीन महिने चालवायचं वेळापत्रक पंधरा दिवसांत बदलतात. म्हणून इथं व्यायाम आणि खुराक यांच्या जोडीनं, कधी काय मोजायचं आणि कधी काय बदलायचं हेही सांगितलं आहे. नवख्याचा धीर याच हिशेबावर टिकतो.

आधी वेग समजून घ्या

साठ किलोच्या, कधीच वजन न उचललेल्या तरुणाचं वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅमनं वाढलं तर वाढ योग्य चालली आहे. म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम ते सव्वा किलो. यातलं सगळं स्नायूंचं नसतं. थोडं पाणी आणि थोडी चरबी असतेच. पहिल्या वर्षात चार-पाच किलो निव्वळ स्नायू चढले तर ते उत्तम समजावं. स्त्रियांमध्ये किलोचा आकडा याच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण मूळच्या स्नायूंच्या प्रमाणात बघितलं तर वाढ जवळपास तितकीच होते. दुसऱ्या वर्षी हा वेग आणखी मंदावतो.

जास्त खाल्लं म्हणून स्नायू यापेक्षा वेगानं वाढत नाहीत. जादा अन्न पोटावर जातं आणि पुढं ते उतरवण्यात तीन-चार महिने मोडतात. "महिन्यात पाच किलो"ची जाहिरात दिसली की त्यातले चार किलो कशाचे, हे विचारावं.

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत ताकद मात्र झपाट्यानं वाढते. वीस किलोचा बार जड वाटणारा माणूस महिन्याभरात पस्तीस किलो उचलायला लागतो. ही वाढ बहुतांश मज्जासंस्थेची असते: आहेत त्या स्नायूंना एकत्र कामाला लावायला शरीर शिकतं. आरशात काही दिसत नाही, आकडे मात्र पळतात. त्यानंतर आकड्यांचा वेग मंदावतो आणि त्याच सुमारास अंग भरायला लागतं. पोरं सोडून जातात ती नेमकी याच वळणावर, कारण त्यांना वाटतं की आता वाढ थांबली.

पहिला आठवडा: फक्त मोजमाप

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नोंद केली तरी हरकत नाही, पण वही जिमच्या बाकावर उघडी ठेवता येते आणि तिच्यात मध्येच मेसेज येत नाही.

वजन सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करायचं. आठवड्यातून किमान चार दिवस करा आणि त्यांची सरासरी रविवारी लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर कधीच निर्णय घ्यायचा नाही. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा ओरपला असेल तर रविवारी सकाळी काटा एक किलोनं वर असतो: मीठ पाणी धरून ठेवतं, भात-भाकरीतली साखर स्नायूंत साठताना सोबत पाणी घेते, आणि पोटातलं अन्न असतं ते वेगळंच. मंगळवारपर्यंत ते उतरतं.

टेपनं चार मापं घ्यायची: बेंबीपाशी कंबर (पोट आत न ओढता), छाती, उजवा दंड सैल सोडून, आणि उजवी मांडी. महिन्यातून एकदाच. फोटो समोरून, बाजूनं आणि पाठीमागून, एकाच खिडकीच्या उजेडात, सकाळी. पहिला फोटो काढा आणि बारा आठवडे तो उघडू नका.

मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. खाली दिलेलं प्रथिनांचं प्रमाण अशा लोकांसाठी नाही.

व्यायाम: आठवड्यातून तीन दिवस

सोमवार, बुधवार, शुक्रवार. नवख्याला यापेक्षा जास्त दिवसांची गरज नसते. "आज छाती, उद्या पाठ" अशी सहा दिवसांची वाटणी जुन्या लोकांना शोभते. नवख्याला प्रत्येक स्नायूवर आठवड्यातून दोन-तीनदा थोडं थोडं काम जास्त लागू पडतं. दोन वेळापत्रकं आलटून-पालटून करायची.

पहिलं: छातीशी डंबेल धरून स्क्वॉट (बैठक), बेंचवर पडून डंबेल प्रेस (वजन वर ढकलणं), बसून केबल रो (केबल पोटाकडं ओढणं), आणि शेवटी प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरून ठेवणं).

दुसरं: रोमानियन डेडलिफ्ट (बार धरून कंबरेतून पुढं वाकणं), बसून खांद्याचा डंबेल प्रेस, लॅट पुलडाऊन (वरचा बार छातीकडं ओढणं), दंडासाठी कर्ल (कोपरात वाकवून वजन उचलणं), उभं राहून पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं.

पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोनच सेट (न थांबता सलग जितक्या वेळा कराल तो एक सेट), आणि वजन असं की बारा वेळा झाल्यावर आणखी चार-पाच सहज झाले असते. हा काळ हालचाल बसवण्यासाठी आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, आणि सेट संपताना अंगात एक-दोन वेळांचीच ताकद शिल्लक असावी. दोन सेटमध्ये दोन मिनिटं विश्रांती, स्क्वॉट आणि डेडलिफ्टला तीन मिनिटं लागली तरी घ्या. घाईनं सेट उरकला की श्वास आधी संपतो आणि स्नायूला काम पडायच्या आतच सेट थांबतो. मुख्य सेटआधी त्याच व्यायामाचे दोन हलके सेट करा, गरम होण्यासाठी तेवढं पुरतं.

स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जात असतील तर पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद घ्या, चवडे थोडे बाहेर वळवा. तरीही उचलल्या तर टाचेखाली अडीच किलोच्या दोन प्लेट ठेवा. रोमानियन डेडलिफ्टमध्ये कंबर मागं ढकलायची, गुडघे थोडेच वाकवायचे आणि बार मांडीला घासत खाली न्यायचा. मांडीच्या मागच्या बाजूला ताण येण्याऐवजी कंबरेत ताण जाणवत असेल तर पाठ गोल होते आहे. वजन निम्मं करा आणि गुडघ्याच्या थोडं खाली येऊन थांबा. पुलडाऊनमध्ये बार छातीच्या वरच्या भागापर्यंत आणायचा, मानेमागं नाही.

वजन कधी वाढवायचं

वहीत रोज एवढंच लिहायचं: "डंबेल प्रेस, १०-१० किलो: १२, १०, ९." पुढच्या वेळी प्रयत्न ९ चे १० करण्याचा. तीनही सेट बारावर आले आणि सलग दोन दिवस आले, की वजन वाढवायचं. आठवर परत याल आणि पुन्हा बाराकडे चढाल. एका खेपेला एखादाच आकडा एकानं वाढतो, पण सहा महिन्यांत हे एकेक मिळून मोठं होतं.

बारवर दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या प्लेट लावून अडीच किलो वाढवता येतात. डंबेलचं गणित अवघड आहे. बऱ्याच जिममध्ये साडेसात नंतर थेट दहाचं डंबेल असतं, म्हणजे एका उडीत तेहतीस टक्के वाढ. बारावरून उडी मारली तर दहाचं डंबेल पाच वेळाही होत नाही आणि खांदा दुखावतो. अशा ठिकाणी आधी पंधरापर्यंत चढा, मग उडी मारा. आणि रॉड खरंच किती किलोचा आहे हे एकदा काट्यावर ठेवून बघा. ऑलिंपिक बार वीस किलोचा असला तरी पातळ रॉड सात-आठ किलोचेही असतात. जिम बदलली की वहीतले आकडे चुकतात ते यामुळं.

सलग तीन वेळा आकडा हलला नाही तर आधी झोप तपासा, मग खाणं. दोन्ही ठीक असेल तर वजन दहा टक्क्यांनी कमी करून पुन्हा चढत या. दर सात-आठ आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे करा, वजन तेच ठेवा. सांधे आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) स्नायूंपेक्षा सावकाश घट्ट होतात. त्यांना तो आठवडा लागतो.

जोर-बैठकांचं काय?

तालमीत जाणाऱ्यानं ती सोडायची अजिबात गरज नाही. जोर छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूला चांगला लागतो, दोर चढण्यानं पाठ आणि हाताची पकड भक्कम होते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की शंभर बैठका सहज होत असतील तर त्या दमसास वाढवतात, मांडी फारशी वाढवत नाहीत. स्नायू वाढायला सेटच्या शेवटी अंग थकलेलं लागतं. म्हणून संख्या वाढवण्याऐवजी काम अवघड करा: जोर सावकाश, खाली जाताना तीन अंक मोजत; पाय विटेवर ठेवून; पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन. बैठक एका पायावर जास्त भार देऊन.

इथं एक गंभीर इशारा. पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं दोनशे-तीनशे बैठका मारण्याचा प्रकार आपल्याकडं होतो. मांड्या भरून येणं, जिना उतरता न येणं हे दोन-तीन दिवस नेहमीचं आहे. पण मांड्या टणक सुजल्या, दुखणं वाढतच गेलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातला घटक रक्तात उतरला आहे. त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-दूध घेऊन झोपू नका. पहिल्या आठवड्यात पंधरा-पंधराचे दोन सेट, आणि दर आठवड्याला दहा-पंधराच वाढवायच्या. वस्ताद नव्या पोराला आधी आखाडा खणायला लावतात, लगेच जोडीला सोडत नाहीत, ते उगीच नाही.

खुराक: किती आणि कशातून

रोज शरीराच्या दर किलोला १.६ ग्रॅम प्रथिनं. साठ किलोला ९६, म्हणजे शंभर धरा. दोन ग्रॅमच्या पुढं नेऊन नवख्याला वेगळा फायदा होत नाही. एका दिवसाचा हिशेब असा:

सकाळी तीन अंडी आणि दोन चपात्या: २५ ग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, एक मोठी वाटी मटकीची उसळ, वाटीभर दही: २३. संध्याकाळी व्यायामानंतर पेलाभर दूध आणि ५० ग्रॅम फुटाणे: १९. रात्री कच्चं वजन केलेलं दीडशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन, भात, वाटीभर आमटी: ४०. झाले १०७.

शाकाहारी असाल तर सकाळी ७५ ग्रॅम पनीरची भुर्जी आणि रात्री ५० ग्रॅम सोयाबीन वड्या (कोरड्या वजनाच्या) भाजीत; बाकी तेच. शंभराच्या आसपास पोचता. सोयावड्या कोमट पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की उग्र वास जातो आणि पोटही फुगत नाही.

प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळा वाटून घ्या. सर्वसाधारण चूक अशी की सकाळी चहा-खारी, दुपारी भाजी-भाकरी आणि रात्री एकदम मांसाहार. दिवसभरातली बेरीज साठवरच अडकते.

एकूण खाण्यात रोजच्या गरजेपेक्षा अडीचशे ते साडेतीनशे उष्मांक जास्त लागतात. गरज किती, हे कुठल्या तक्त्यावरून काढत बसू नका. दोन आठवडे नेहमीसारखं खा, वजनाची सरासरी स्थिर आहे का बघा. स्थिर असेल तर त्यात पेलाभर म्हशीचं दूध आणि एक केळं घाला. साडेतीनशे उष्मांक होतात, सुरुवातीला तेवढं पुरे.

थंडाई, कट्ट्यावरचं दूध आणि रस्सा

पैलवानाचा खुराक बघून तसाच खाण्याचा मोह कोल्हापुरात सगळ्यांना होतो. पैलवान दोन वेळा मिळून पाच-सहा तास मेहनत करतो. दुकानात किंवा ऑफिसात आठ तास बसून तासभर जिम करणाऱ्यानं बदामाची थंडाई, अर्धा लिटर दूध आणि वर चमचे-चमचे तूप घेतलं तर ते कंबरेवरच दिसतं. पंचवीस बदामांत सहा ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशे उष्मांक असतात. त्यातले बहुतेक उष्मांक तेलातून येतात. ज्याचं वजन हलतच नाही अशा सडपातळ माणसाला थंडाई खरंच उपयोगी आहे. पोट सुटलेल्यानं आठवड्यातून एकदा, चवीसाठी.

कट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध ही इथली ओळख आहे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात आणि महिनाभर ताप-अंगदुखीनं माणूस अंथरुणाला खिळतो. ते दूध घरी नेऊन उकळून प्या. प्रथिनं उकळल्यानं जात नाहीत.

मटणाच्या थाळीत रस्सा कितीही वाट्या प्यायला तरी प्रथिनं फोडींत असतात. तांबड्यात तेल-मसाला, पांढऱ्यात आळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस. सुक्याच्या चार-पाच फोडींतून हाड सोडून ८०-९० ग्रॅम मटण पोटात जातं, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. रविवारी थाळी खुशाल खा, पण "आज भरपूर झालं" म्हणून संध्याकाळचं दूध आणि अंडी टाळू नका.

श्रावणात आणि नवरात्रात बेरीज कोसळते. उपवासाच्या साबुदाणा खिचडीत प्रथिनं येतात ती फक्त कुटातून. त्या दिवशी कूट दुप्पट करा, सोबत दोन वाट्या दही, पनीर, राजगिऱ्याची भाकरी आणि दोन पेले दूध ठेवा. श्रावणभर मांसाहार बंद असेल तर सोयावड्या, उसळी आणि पनीर यांवर महिना विनाअडचण निघतो.

पावडर आणि इंजेक्शन

मट्ठा पावडर, म्हणजे व्हे, हे दुधातलं प्रथिन आहे. एका स्कूपात साधारण २४ ग्रॅम. जेवणातून शंभर होत असतील तर लागत नाही. सत्तरवर अडकत असाल तर एक स्कूप सोयीचा. बनावट माल भरपूर असतो, म्हणून पक्कं बिल, शाबूत सील आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघूनच घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, रोज तीन ते पाच ग्रॅम, कुठल्याही वेळी, निरोगी माणसाला चालतं. पहिल्या काही आठवड्यांत एखादा किलो पाण्याचं वजन वाढतं, ते वहीत तसं लिहून ठेवा.

मास गेनरमध्ये, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीत, बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचाच भाऊ असतो. त्याऐवजी ३०० मिली दूध, दोन केळी, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट आणि ३० ग्रॅम ओट्स मिक्सरला फिरवा. साडेसातशे उष्मांक आणि २४ ग्रॅम प्रथिनं घरच्या घरी. निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी घ्या.

जिमच्या कोपऱ्यात कुणी "ताकदीचं इंजेक्शन" देऊ लागलं तर तिथून उठा. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. व्यायामासाठी घेतलं की नाडी आणि रक्तदाब भडकतो, सवय लागते, हृदय बंद पडू शकतं. स्टेरॉइडनं शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, आणि सोडल्यावर चढलेलं बरंचसं उतरतं. विशीतल्या पोराला या दोन्हींची गरज नाही. त्याचं शरीर या वयात डाळ-भाकरी-अंड्यांवरच सर्वांत वेगानं वाढतं.

झोप सात ते आठ तास. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला तालीम, असं चाललं तर बाकी सगळं नीट करूनही आकडे अडतात.

कधी काय बदलायचं

पहिले चार आठवडे काहीही बदलायचं नाही. वजन एकदम एक किलो वाढलं तरी नाही, अजिबात वाढलं नाही तरी नाही.

चौथ्या आठवड्यापासून दर तीन आठवड्यांनी सरासऱ्या ताडून बघा. वाढ आठवड्याला शंभर ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रोज एक भाकरी आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी वाढवा, एवढंच. वाढ चारशे ग्रॅमच्या वर असेल आणि कंबर महिन्यात एक सेंटीमीटरपेक्षा जास्त सुटली असेल तर तेवढंच कमी करा, पण प्रथिनांना हात लावू नका. कंबर जागच्या जागी, दंड-मांडी अर्ध्या सेंटीमीटरनं वर, आणि वहीतले आकडे चढते: याहून चांगलं लक्षण नाही. मग वजन हललेलं नसलं तरी चालू द्या.

बाराव्या आठवड्याला फोटो शेजारी-शेजारी ठेवा. फरक आधी पाठीत आणि खांद्यांत दिसतो, दंडात उशिरा. व्यायामाचं वेळापत्रक त्याआधी बदलायचं नाही. मोबाइलवर रोज नवा व्यायाम दिसतो आणि प्रत्येक नव्या व्यायामात पहिले तीन आठवडे हालचाल शिकण्यातच जातात; दर पंधरवड्याला बदलणारा माणूस कायम पहिल्याच आठवड्यात राहतो. बदल करायचाच तर सांधा दुखतो म्हणून करा: बेंचवर खांदा खुपत असेल तर पाय उंच ठेवून जोर, स्क्वॉटला गुडघा खुपत असेल तर खुर्चीपर्यंतच बैठक.

वजन पाच किलोनं वाढलं की प्रथिनांचा हिशेब नव्यानं मांडा. पासष्टला १०४ ग्रॅम होतात. एक अंडं वाढवलं की जमतं.

खंड पडला तर

गणपतीत रात्री जागतात, लग्नसराईत आठवडा जातो, जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं की रस्तेच बंद होतात. दोन आठवड्यांच्या खंडानं स्नायू जवळपास कमी होत नाहीत. अंग सैल वाटतं, कारण स्नायूंतली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी उतरलेलं असतं. दोन-तीन दिवसांच्या व्यायामानं ते परत येतं. दोन आठवड्यांपर्यंतच्या खंडानंतर वहीतल्या शेवटच्या वजनापेक्षा दहा टक्के कमी घेऊन सुरू करा. महिना-दीड महिना गेला असेल तर दोनच सेट आणि साठ-सत्तर टक्के वजन, पहिला आठवडा तसाच. गेलेली ताकद नव्यानं मिळवण्यापेक्षा खूप लवकर परत येते; सहसा तीन-चार आठवड्यांत जुना आकडा गाठता येतो.

घरात अडकलात तर पाय उंच ठेवून जोर, सॅक पाठीवर घेऊन बैठका, आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या धरून वाकून रो. दोन्ही बादल्यांत सारखं पाणी घ्या आणि किती लिटर भरलं ते त्याच वहीत लिहा. एक लिटर म्हणजे एक किलो.